नववी सुधारणा

२१ जानेवारी १९७४, भोर

चौदा कलमं! आणि सगळी इंग्रजीत. पुण्याहून आज टपालानं आली. साहेबांनी वरवर नजर फिरवली, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सावळाराम, याचं मराठी करा. परवा सगळ्यांना वाचून दाखवायचं." कचेरीत कारकून पाच, पण इंग्रजी आलं की सावळाराम! बढतीच्या वेळी मात्र हे नाव कुणाला आठवत नाही.

विषय असा. आम्ही गावोगाव लोकांच्या छातीचे फोटो काढतो आणि माणशी एक फॉर्म भरतो. पुण्यात त्या फॉर्मांवरून भोकं पाडलेली कार्डं होतात. फोटो बघून डॉक्टर काय म्हणाले तेही त्याच कार्डावर चढतं. मग कार्डं यंत्रात घालायची आणि यंत्र क्षयाच्या रोग्यांची गाववार यादी छापतं. ते जुनं यंत्र आता गेलं. मोठं आलंय. पण आपली कार्डं जुन्या यंत्राच्या मापाची, म्हणून मोठ्याच्या पोटात जुनं यंत्र असल्याचा देखावा उभा करणारा एक प्रोग्रॅम घातलाय. म्हणजे जुनं यंत्र तिथं नाहीच! कार्डांना मात्र वाटतं, आपण जुन्यातच चाललोय. या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे आणि तीत चौदा सुधारणा आहेत.

'व्हर्च्युअल मशीन'ला मराठी काय करावं? कोशात बघून डोकं उठलं. शेवटी 'भासयंत्र' केलं. बरं वाटलं शब्द जमला म्हणून.

२३ जानेवारी

वाचून दाखवलं. पहिलं कलम — जुनी कार्डं जशीच्या तशी चालतील. दुसरं — एकाच वेळी तीन जिल्ह्यांची कामं चालतील, एकमेकांत मिसळणार नाहीत. तिसरं — गावाचा क्रमांक चार आकड्यांऐवजी पाच आकड्यांचा. असंच पुढं.

नवव्याला टाळ्या! सदोष कार्ड आलं तरी यंत्र आता थांबणार नाही. ते कार्ड बाजूच्या कप्प्यात टाकून पुढे जाईल.

टाळ्या का, ते ज्याला आधीचे हाल माहीत आहेत त्यालाच कळेल. एखादं कार्ड अडलं की जुनं यंत्र ठप्प. मग पुण्याहून तार, साहेबांचा आरडाओरडा आणि आम्ही फॉर्मांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून दिवसभर. ज्ञानू म्हणाला, "सुटलो रे बाबा!" ज्ञानू माझ्या शेजारच्या टेबलाचा. कामाला वाघ, पण थापाड्या.

सदोष कार्ड कशाला म्हणायचं त्याची तळाशी बारीक टीप होती. पान भरलं होतं, म्हणून मराठीत घेतली नाही.

२९ जानेवारी, मार्गासनी

फोटोची गाडी फाट्यावर उभी. साखर, गुंजवणे ही गावं, आजूबाजूच्या वाड्या — सगळे चालत आलेले. बायका गाडीत शिरायला तयार नाहीत. अंधारात काचेला छाती लावायची म्हणजे काय! मग मीच आधी जाऊन आलो, तेव्हा एकेक शिरल्या.

वयावरून ज्ञानूशी वाजलं. या डोंगरात वय कुणाला माहीत आहे? शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही. ज्ञानू माणसाकडे बघतो आणि लिहितो — चाळीस, पस्तीस, साठ. मी म्हणालो, "हे खोटं आहे." तर म्हणतो, "मग तू काय त्यांचे दात मोजतोस का बैलासारखे?" मी रकाना रिकामा ठेवतो. जे माहीत नाही ते माहीत नाही. सरकारी कागदावर मी खोटा आकडा घालणार नाही. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या दाखल्यावर कुणीतरी मनानंच वय ठोकून दिलं होतं, ते मला अजून खुपतं.

आमची साळू पण आली होती. साळूबाई — माझी मावसबहीण, गुंजवण्यात दिलेली. कडेवर पोरगा, सात-आठ महिन्यांचा. बरोबर नवरा सोनबा आणि सासू ठकुबाई. ठकुबाईंना वय विचारलं तर म्हणाल्या, "गडावर वनवा लागला व्हता बघा, त्या साली माजं लगीन झालं. आता तुमीच काय ती बेरीज करा." सोनबा नुसता हसला. "पावनं, बैलाचं वय इचारा, सांगतो. माजं न्हाई ठावं." साळू म्हणाली, "दादा, तुला ठावं असंल की. तू माझ्यापेक्षा थोरला." थोरला खरा, पण चार वर्षांनी की पाच? नक्की नाही. तिघांचेही रकाने रिकामे ठेवले.

संध्याकाळी गाडीच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांना सांगितलं — यादीत नाव आलं तर दवाखान्यात या, औषध फुकट आहे. नाव आलं नाही तर छाती साफ. काळजी सोडा आणि कामाला लागा.

लोकांना ते फार आवडलं.

३० जानेवारी

आज १२६ फोटो. घसा बसला.

८ मार्च, भोर

यादी आली! ज्ञानूच्या चार गावांत एकतीस रोगी. माझ्या चार गावांत दोन! गुंजवणे — एकही नाही. साहेब म्हणाले, "सावळाराम, तुमची गावं हवापालटाला जायच्या लायकीची दिसतात." ज्ञानूचं तोंड उतरलं. मी जरा मिरवलो, खोटं कशाला बोलू. गुंजवण्याच्या पाटलांना आजच पोस्टकार्ड टाकलं — आपले गाव निरोगी आहे.

१७ मार्च

रविवार. गुंजवण्याला गेलो होतो. आईनं साळूच्या पोरासाठी झबलं दिलं होतं. मार्गासनीपर्यंत एसटी, पुढं चालत. सगळ्या खाचरांतून राब भाजायचं चाललेलं. पालापाचोळा, शेण, गवत पसरून पेटवायचं, म्हणजे भाताचं रोप जोमानं येतं. डोंगराखाली नुसता धूर कोंडलेला. डोळे चुरचुरले.

साळू पार उतरली होती. गालफाडं वर आलेली, आणि खोकला — वाकून वाकून. पोरगा पदराखाली चोखतोय आणि ही खोकतेय. ठकुबाई म्हणाल्या, "राबाचा धूर बाधलाय तिला. दिसभर राबापाशीच असती न्हवं. दर सालाला खोकती ती." धूर! म्हातारी माणसं काहीही सांगतात. मी सोनबाला बाजूला घेतलं. म्हणालो, भोरला डॉक्टरांना दाखवू या. तो तंबाखू थुंकला, खाकरला आणि म्हणाला, "आवं पावनं, तुमीच सांगितलं न्हवं? यादीत नाव न्हाई त्येची छाती साफ. पाटलास्नी तुमचं कार्ड बी आलंय. आता राब टाकून तिला भोरला कशापायी न्यायची?"

माझंच वाक्य!

१८ मार्च

ज्ञानूच्या गावांत एकतीस. माझ्या गावांत दोन. मधे एक ओढा आहे फक्त. हवा तीच, पाणी तेच.

१९ मार्च

बारीक टीप शोधून वाचली. "ज्या कार्डावरील वयाचा रकाना रिकामा असेल ते सदोष समजावे. वयावरून औषधाचे प्रमाण ठरते." आधीच्या यंत्रात रिकाम्याला शून्य धरत होते. शून्य वय छापून यायचं, डॉक्टर हसायचे आणि रोग्याकडे बघून डोस लिहायचे. भागत होतं. आता भागत नाही.

पोस्टात जाऊन पुण्याला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला. म्हणालो, भोर-वेल्ह्याची बाजूच्या कप्प्यातली कार्डं कुठं आहेत? पलीकडचा माणूस मोठ्या उत्साहानं म्हणाला, "पोत्यात आहेत. तुमच्याकडून कुणी मागितलीच नाहीत. आता यंत्र थांबत नाही ना, झटपट होतं काम!"

चारशे बारा कार्डं. सगळी माझ्या गावांची. ज्ञानूचं एकसुद्धा नाही. थापाड्याचं एकसुद्धा नाही!

२० मार्च

साहेबांना सांगितलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "गवगवा नको. कार्डं मागवा, वयं भरा, परत पाठवा. पुढच्या पाळीत लागतील." पुढची पाळी कधी? मेमध्ये. यंत्रावर आपली पाळी दोन महिन्यांनी एकदा. मी म्हणालो, तोवर गावोगाव जाऊन सांगतो, की छाती साफ म्हणालो ते चुकलं. साहेब म्हणाले, "चारशे घरांत घबराट करणार? चारशेतले आजारी असतील वीस-पंचवीस. कोणते, सांगता येईल तुम्हाला?"

नाही सांगता येणार. गप्प बसलो. गप्प बसलो हे इथं लिहून ठेवतो.

२७ मार्च

पोतं एसटीनं आलं. डॉक्टरांचं म्हणणं कार्डांवर आहे, पण नुसत्या भोकांत; ते आम्हाला वाचता येत नाही. दिवसभर बसून चारशे बारा वयं भरली. मनानं. ठकुबाई साठ. सोनबा तीस. साळू बावीस. ज्ञानू शेजारी बसून मदत करत होता, एक शब्द बोलला नाही. त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. हेच दोन महिन्यांपूर्वी केलं असतं तर! इमानदारी म्हणे. माझ्या इमानदारीला दोन पैशांची अक्कल नव्हती.

५ एप्रिल

पुन्हा गुंजवणे. साळूला आता रोज संध्याकाळी कणकण असते म्हणे. अजून राबापाशीच. मी सोनबाला खरं सांगायला गेलो होतो. वाटेत दहा वेळा वाक्य जुळवलं. घरात पाटील बसलेले, चहा चाललेला. पाटील म्हणाले, "या भाऊसायेब! तुमच्या कार्डानं गावात लई आनंद झाला बगा. जत्रंत वाचून दाखवलं आमी." मी चहा प्यालो.

निघताना साळू ओढ्यापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "दादा, माझ्या नावाचा कागद आला असता तर मला न्यावंच लागलं असतं न्हवं ह्यांना?" मग खोकत खोकत हसली. "कागदाबिगर कोन ऐकतंय."

८ एप्रिल

केलं.

जेवणाच्या सुट्टीत कचेरीत कुणी नव्हतं. पुण्याच्या यादीचा उरलेला रुंद कागद घेतला, तो भोकांच्या कडांचा. इंग्रजी टाइपरायटरवर मोठ्या अक्षरांत टाइप केलं — पुरवणी यादी, गाव गुंजवणे, साळूबाई सोनबा, वय २२, क्षय, डावी बाजू. शिक्का मारला. साहेबांची सही गेली दोन वर्षं मीच त्यांच्यासमोर गिरवतो, ते म्हणतातच, करून टाका. आज त्यांच्यामागे केली.

डावी बाजू का लिहिलं? काहीतरी लिहायला हवं होतं. रिकामं ठेवायचं नव्हतं.

भीती वाटते का? वाटते. नोकरी जाईल. पण मे येईपर्यंत साळू उरली पाहिजे ना! चारशे बारांतल्या एकीला तरी मी वाचवीन. बाकीच्यांकडे मला बघवत नाही.

१० एप्रिल

कागद बघितल्यावर सोनबा खाटेवर बसलाच. उलटा धरला, सुलटा धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. ठकुबाई म्हणाल्या, "धुरानं व्हतं ते. मी सांगते, धुरानं." कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

आजच साळूला घेऊन भोरला आलो. रोज सुई घ्यायची, म्हणजे इथंच राहायला हवं, आमच्याकडे. डॉक्टरांनी कागद बघितला. म्हणाले, थुंकी तपासू, पण फोटोच्या प्लेटवर आलंय म्हणजे उशीर नको, आजपासून सुया. आणि पोर अजिबात जवळ आणायचं नाही, दूध तर नाहीच.

हे मला ठाऊकच होतं, म्हणून पोर वस्तीवरच ठेवून आलो होतो. ते सगळं लिहवत नाही. साळूनं त्याला पदराखालून काढलं तेव्हा तोंडात दूध होतं त्याच्या. सोनबानं त्याला उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाला, "रडू नगंस. शेळीचं दूध देतो. माझ्या छातीवर निजंल त्यो, तुझी आठवन बी न्हाई यायची त्येला." चांगला माणूस आहे. दुसऱ्या एखाद्यानं बायकोला माहेरी हाकलून दुसरी केली असती.

११ एप्रिल

साळूची छाती दुधानं दगडासारखी झालीय. न्हाणीत जाऊन पिळून टाकते. आई बाहेर उभी राहते, तीही रडते.

१९ एप्रिल

गल्लीत कळलं. समोरच्या फुलाबाई पाणी भरायला आमच्या नळावर येत नाहीत. मी आईला म्हणालो, डॉक्टर सांगतात तर साळूचं ताट-वाटी वेगळी ठेव. आई खवळली. "माझ्या भनीची पोर हाय ती. तिला येगळं ताट? तू शिकलास, तू जेव येगळ्या ताटात!" मग तिनंच राखेनं घासून वेगळं ठेवलं. साळू आता आपलं ताट आपणच उचलून घेते.

२६ एप्रिल

खोकला कमी! रात्री शांत झोपली म्हणे. कणकणही नाही. डॉक्टर म्हणाले, "सुया लागू पडल्या. थुंकीत काही सापडलं नाही, पण प्लेटवर आहे म्हणजे आहे." मी मान हलवली.

सुयांनी कानात सारखं शिट्टी वाजल्यासारखं होतं म्हणते. उजव्या बाजूनं हाक मारली तर वळत नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. बरं व्हायचं तर थोडं सोसायला हवं.

३० एप्रिल

बाजाराला सोनबा आला होता, पोराला घेऊन. साळू उंबऱ्याच्या आत, तो रस्त्याच्या पलीकडे. पोरानं आईकडे हात केले नाहीत. बापाच्या मानेत तोंड खुपसून बसलं. साळू म्हणाली, "विसरला बघ." सोनबा ओरडून सांगत होता, "बरा हाय! जरा पडसं झालंय, बाकी बरा हाय!" तिला नीट ऐकू गेलं नाही, मी जवळ जाऊन सांगितलं.

सोनबा वाळलाय. साहजिक आहे. शेत, शेळी, म्हातारी, पोर — एकटा माणूस. आईनं त्याला भाकरी बांधून दिली.

६ मे

बुद्धपौर्णिमा. साळूला घेऊन आई विहारात गेली. पांढरं लुगडं नेसली होती पोरगी, अंगावर मूठभर मांस चढलंय, चालताना धाप नाही. फुलाबाईसुद्धा बोलल्या आज. मी मागं उभा होतो. पंचशीलातलं चौथं आलं — खोटं बोलणार नाही — तेव्हा मी ओठ हलवले नाहीत. पण मान खालीही घातली नाही. त्या एका खोट्या कागदानं माणूस उभा राहिलाय! खरं बोलून मी चारशे बारा जणांना पोत्यात घातलं आणि खोटं बोलून एकीला बाहेर काढलं. मग शील कुठं मोडलं, ते ज्यानं त्यानं बघावं.

खरी यादी या आठवड्यात येईल. तिचं नाव तीत असणारच. मग माझा कागद फाडून टाकीन आणि खरा फायलीला लावीन. कुणाला कधी कळणार नाही.

१० मे

यादी नाही. ज्ञानू म्हणाला, भासयंत्राची आणखी नवी आवृत्ती आली म्हणे, म्हणून उशीर.

१४ मे

यादी आली. चारशे बारांत तेवीस. गुंजवण्याचा एकच.

तीन वेळा वाचली. साळूचं नाव नाही. सोनबाचं आहे — दोन्ही बाजू, वय ३०. पोर पाच आठवडे त्याच्या छातीवर निजतंय.